डोहातली सातवी

सर्जेराव आबांना त्या पाण्याच्या मोटारीपासून तीन लाभ होणार होते, आणि तिन्ही मी त्यांच्याच तोंडून ऐकले होते. नदीकाठच्या त्यांच्या तीन एकर जिराईत रानात ऊस उभा राहणार होता, हा एक. थोरल्या भावाच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, आधी घराण्यात ऊस लावल्याचा मान त्यांना मिळणार होता, हा दुसरा. आणि तिसऱ्यासाठी त्यांनी पहिले दोन्ही सोडून दिले असते. उरलेला जन्म पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "का रं, डोहातल्या आसरा कुठं गेल्या?" असं विचारायची मुभा त्यांना मिळणार होती.

"आणि तोटा?" माझ्या सासऱ्यांनी विचारलं.

"तोटा कसला आलाय त्यात?" आबा म्हणाले.

मोटार ओट्यावर आणून ठेवली होती. आबांनी तिला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, खोबऱ्याचा तुकडा तिच्यापुढं ठेवून हात जोडले आणि मग जमलेल्या माणसांकडं वळून सांगितलं, "आपला असल्या गोष्टींवर इश्वास न्हाय."

मी माजघराच्या दारामागं उभी होते. लग्नाला तीन महिने झाले होते, वय एकोणीस. पण माझा बाप बाजार समितीत तोलार होता. पोती मोजता मोजता कोण काय घालतो आणि कोण काय उचलतो हे बघायची सवय त्यानं मला लहानपणीच लावली होती. तोट्याचा रकाना आबा म्हणतात तसा रिकामा नव्हता. त्यात आम्ही सात जणी होतो, आणि पहिलं नाव आबांच्याच बायकोचं होतं.

"कवा बसवायची?" आबांनी बापू वायरमनला विचारलं.

बापूनं खांद्यावरची वायर खाली ठेवली. "बसवायची कुठं?"

"आसरांच्या डोहावर."

बापूनं वायर पुन्हा खांद्यावर घेतली.

"अरं, थांब की! सरकारच्या पगारावर हायस, न् आसरांना भितोस?"

"सरकार येतंय व्हय मला डोहातनं काढाय?" बापू म्हणाला. "आबा, लाईट आपल्याकडं कवा येतीया? बाराला. जाती कवा? तीनला. म्हंजी मोटार चालू कराय दुपारी बाराचं डोहावर जायाचं. ती येळ त्यांची हाय. बाप्या गडी त्या येळंला तिकडं फिरकत न्हाय, आन् तुमी मला खांबावर चढाय लावताय."

"बाराचं काय हुतंय ते मीच बगतो की."

"बगा. आधी तुमी एक दुपार डोहावर बसून दावा. सावली धोंड्यांवर येस्तवर. मग मी खांबावर चढतो, न्हायतर हितंच जमिनीवर बरा हाय."

माणसं हसली. माझे सासरे सगळ्यांत जास्त हसले. आबांना आता मागं हटता येईना. "परवा," ते म्हणाले. "परवा दुपारी बसतो. दादा, तुमी साक्षीला या."

मी दाराआडून माजघरात वळले. काकी, म्हणजे आबांची बायको गजराकाकी, तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"ऐकलं न्हवं, वच्छे?" त्या हळूच म्हणाल्या.

"ऐकलं."

"मग उद्या जरा दही जास्त घे."

डोहाची गोष्ट मला लग्नाच्या चौथ्या दिवशी कळली. गाव सोडून नदी जिथं खडकाला वळसा घालते तिथं पाणी खोल आणि हिरवं आहे. काठावर उंबर, त्याच्यापासून जरा हटून शेंदूर लावलेले सात धोंडे. त्या साती आसरा, पाण्यातल्या देवता. सूर्य डोक्यावर आला की त्या डोहात उतरतात, केस धुतात, हसतात-खिदळतात, आणि उंबराची सावली सरकत धोंड्यांवर पडली की परत जातात. तेवढ्या वेळात बाप्या माणूस तिथं गेला तर त्याला पाण्यात ओढून घेतात. बायकांना मात्र त्या काही करत नाहीत. हे सगळं सासूबाईंनी मला इतक्या गंभीरपणे सांगितलं की धुण्याचं बोचकं डोक्यावर घेऊन काकींच्या मागं निघताना मी दर दहा पावलांना मागं वळून बघत होते.

"त्या दिसतात का हो?" मी वाटेत विचारलं.

"दिसतील की," काकी म्हणाल्या.

आणि दिसल्या. बोचकी काठावर फेकलेली, लुगड्यांचे ओचे खोचलेले, आणि आमच्या भावकीतल्या चार बाया पाण्यात. ठकूवन्स, ज्यांना घरात गुडघेदुखीनं उठबस होत नव्हती, त्या खडकावरून सूर मारत होत्या. सगुणाआक्का पालथं पडून पाय झाडत होत्या. तारा आणि मंदा या माझ्या दोन जावा एकमेकींशी घरात बोलत नसत. इथं एकमेकींच्या पाठी चोळत होत्या. हिरा म्हणून एक होती, ती काठावर शेंगा भाजत होती.

माझ्यासमोर काकींनी आधी दहीभाताचा गोळा धोंड्यांपुढं ठेवला. मग मला म्हणाल्या, "तुजी एक बांगडी दे. पयल्या दिवशी देयाची असती." मी हिरवी बांगडी काढून दिली. त्यांनी ती धोंड्यांमागच्या कपारीत ठेवली. तिथं बऱ्याच होत्या, काही इतक्या जुन्या की रंगच उडालेला.

मग काकी पाण्यात उतरल्या, उताण्या झाल्या, डोळे मिटले आणि ठकूवन्स काहीतरी आचरट बोलल्या त्यावर हसल्या. मी दचकले. तीन दिवस त्या घरात होते, पण काकी हसताना पदर तोंडावर घेत आणि त्यातून कबुतरासारखा आवाज येई. हे हसणं निराळंच होतं. खडकावर आदळून ते पुन्हा आमच्याकडं आलं.

"म्हंजे आसरा नाहीतच?" मी विचारलं.

"का बरं? हाईत की."

"पण मग ती गोष्ट... तो भाऊ गोंधळी, ज्याला ओढून नेलं..."

"त्यो दारू पिऊन घसारला हुता. तोबी संध्याकाळी. येळ आमी बदालली." काकी म्हणाल्या. "रातच्याला पैंजण वाजल्याचं आमच्या सासूनं काढलं. शेळी गायब झाल्याचं सगुणीनं. ती शेळी तिच्या भावानं खाल्ली. दरसाली एक नवं काडाय लागतंय, न्हायतर बाप्ये विसरत्यात. औंदा तुजी पाळी."

"पण मग त्या आहेत म्हणता ते?"

"जागा त्यांची हाय न्हवं? आपण वापरतोय. म्हनून दहीभात." एवढं बोलून त्यांनी पाण्याखाली डोकं घातलं. विषय संपला.

रोजचे दोन तास. मी मोजले होते. पहाटे चारपासून रात्री दहापर्यंतचा दिवस, त्यातले दोन तास. तेवढेच आबांच्या मोटारीला हवे होते, तेच, त्याच ठिकाणी. एकदा आबा दुपारचे डोहावर जाऊन धडधाकट परत आले की मग मोटार, मग पाणी पाजायला गडी, मग तिथंच आंघोळी, तिथंच बिड्या. बायकांनी धुणं घेऊन यायचं आणि डोक्यावर पदर घेऊन, मान खाली घालून परत जायचं.

दुसऱ्या दिवशी डोहावर पोहणं झालं नाही. सगळ्या काठावर उकिडव्या बसल्या होत्या.

"दगड टाकू पाण्यात मागनं," मंदा म्हणाली.

"दगडाला भ्यायला त्ये काय बगळं हाय?" ठकूवन्स.

"मी म्हंते त्यांच्या भाकरीत कायतरी घालावं," सगुणाआक्का म्हणाल्या, "म्हंजी उद्या घरातनं उठूच नयेत."

"त्यांची भाकरी मी करती, सगुणे." काकींनी तिच्याकडं असं बघितलं की सगुणाआक्का शेंगा सोलायला लागल्या. "भाकरीत कायबी घालायचं न्हाय. त्यांस्नी आसरा बगायच्या हाईत न्हवं?"

"व्हय."

"मग दावू."

मग हिरा म्हणाली, "आपण?"

"आपण सात जणी हाय का न्हाय? त्याबी सातच. हळद फासायची सगळ्या अंगाला, तोंडाला. केस मोकळं, पुढं सोडायचं. हिरवी लुगडी. त्या लव्हाळ्यातनं निघायचं, कमरंएवढ्या पाण्यातनं गुमान यायचं. बोलायचं न्हाय. पाण्यावर ऊन असतंय, ताटासारखं चमाकतंय. त्यात काय दिसनार त्यांस्नी?"

"पण काकी," मी म्हणाले, "तुम्ही नका येऊ. आबा तुम्हाला ओळखतील."

काकी माझ्याकडं बघून हसल्या. "तीस वरसं झाली लग्नाला. ताटाकडं बगत्यात, बैलाकडं बगत्यात, आभाळाकडं बगत्यात. माज्या तोंडाकडं कवा बगितलं असंल तर वळकतील."

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण ते वाक्य मी नोंदवून ठेवलं. पुढं ते चुकीचं निघालं.

ठरल्या दिवशी दुपारी बाराच्या आत आम्ही लव्हाळ्यात शिरलो होतो. हळद मी आणि तारानं आदल्या रात्री कुटली होती. ठकूवन्स अशा पिवळ्या दिसत होत्या की त्यांचं दुसरं लग्न आहे असं वाटावं. आणि मी मोजायला लागले. काकी. ठकूवन्स. सगुणाआक्का. तारा, मंदा. मी.

"काकी, हिरा कुठाय?"

"तिची म्हस व्याया लागली. सासूनं हालू दिलं न्हाय."

"मग आपण सहाच."

"असू दे की."

"काकी, आबा मोजतील. सहा निघाल्या तर म्हणतील, सातवी म्हशीला बसलीय."

"वच्छे, तोलाराची पोर आनली ती चूक झाली बग," काकी कुजबुजल्या. "गप ऱ्हा. आलं त्ये."

आबा आले. स्वच्छ धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. मागं दूर बांधावरच्या लिंबाखाली माझे सासरे आणि बापू वायरमन बसले होते. तिथून डोह दिसत नाही, फक्त डोहावरून येणारा माणूस दिसतो. आबा धोंड्यांजवळच्या सपाट खडकावर बसले, चपला बाजूला ठेवल्या, मांडी घातली. थोड्या वेळानं त्यांनी खाकरून मोठ्यानं म्हटलं, "या की मग! बसलोय की!"

काकींनी हात केला. आम्ही निघालो.

पाणी गार होतं आणि पायाखाली शेवाळ. केसांतून मला फारसं काही दिसत नव्हतं, फक्त पुढच्या बाईचं हिरवं लुगडं पाण्यात फुगलेलं, तरी मी बोटांवर परत मोजत होते. आम्ही खडकापासून वीसेक हातांवर आलो, आणि आबांचं बोलणं बंद झालं. काठी त्यांच्या हातातून सुटून खडकावरून घरंगळत पाण्यात गेली. ती त्यांनी उचलली नाही.

ठरलं होतं त्याप्रमाणे तिथंच थांबायचं आणि हळूहळू मागं जायचं होतं. पण ठकूवन्सांचा पाय शेवाळावरून सरकला. "आगं बया!" असा अर्धा शब्द बाहेर आला आणि उरलेला पाण्यात बुडला. त्या गटांगळी खाऊन वर आल्या तर हळद धुतली जाऊन निम्मा चेहरा काळा, निम्मा पिवळा. काकींनी ते बघितलं. आणि त्यांना हसू आलं.

साधं नव्हे, ते डोहातलं. खडकावर आदळून परत येणारं. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, संपलं. उद्या सकाळी मोटार, परवा गडी, बिड्या.

डोळे उघडले तेव्हा आबा उभे होते. गावात सांगतात की आबा पळाले. पळाले नाहीत. त्यांनी वाकून चपला हातात घेतल्या, धोंड्यांकडं पाठ होती त्यांची, आणि पाण्याकडं बघून डोक्यावरची टोपी काढली. थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग चालत गेले, अनवाणी, तापलेल्या वाळूतून. मला ते जरा विचित्र वाटलं होतं, पण तेव्हा ठकूवन्सांना ठसका लागला होता आणि पाठीत थापट्या मारायच्या होत्या.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं. लिंबाखाली पोचल्यावर बापूनं विचारलं होतं, "काय आबा?" आणि आबांनी सांगितलं होतं, "हाईत. सात हाईत. मोजल्या मी."

"बगा!" काकी दुसऱ्या दिवशी पाण्यात उताण्या पडून म्हणाल्या. "म्हनं तोलाराची पोर! भ्यालेल्या माणसाला सहाच्या सात दिसत्यात."

म्हशीला पारडी झाली होती. हिराला मात्र फार वाईट वाटलं. "माज्यावाचून झालं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आबांनी मोटार खालच्या पाणवठ्यावर बसवली. चारशे फूट पाइप जास्तीचा लागला. बाजारात जाऊन तो त्यांनी आणला तेव्हा काकींनी दारात पदर तोंडावर घेऊन विचारलं होतं, "एवढा पाइप! जवळ नसता का आला?" आणि आबा एवढंच म्हणाले होते, "जवळ जागा न्हाय." काकींच्या नखांतली हळद चार दिवस गेली नव्हती. चार दिवस आबांनी त्या पिवळ्या नखांच्या हातची भाकरी खाल्ली आणि एक शब्द विचारला नाही. बाप्ये काही बघत नाहीत, यावर आमचा विश्वास पक्का झाला.

ऊस मात्र माझ्या सासऱ्यांनी आधी लावला, विहिरीच्या पाण्यावर. आबांना त्याचंही विशेष वाटलेलं दिसलं नाही. पारावर कुणी आसरांचा विषय काढला की ते टोपी नीट करत आणि म्हणत, "हाईत बाबा. डोळ्यांनी बगितल्यात." सातवी पास, अंधश्रद्धेवर भाषणं ठोकणारा माणूस. त्यांनी सांगितल्यावर गावात शंका घेणारा कुणी उरला नाही. त्यानंतर आम्हाला दरसाली नवी गोष्ट काढावी लागली नाही.

अकरा वर्षं गेली. ठकूवन्स गेल्या. त्यांची बांगडी अजून कपारीत आहे. मला दोन मुली झाल्या, आणि थोरली पोहायला कुठं शिकली हे तिच्या बापाला अजून कळलेलं नाही.

आबांच्या उसाची एक खोड गावाला माहीत झाली होती. शेवटच्या दहा सऱ्यांतला ऊस दरवर्षी बुटका राहायचा. "पाणीच पोचत न्हाय," लोक म्हणत. पोचणार कसं? मोटार दुपारी साडेबाराला पाव तास बंद पडायची. रोज. "तापती," आबा म्हणत. बापू वायरमननं दोनदा उघडून बघितली, काही सापडलं नाही.

त्या वर्षी माझा नवरा जेवताना म्हणाला, "काका, पाइप गंजलाय. नवा घ्यायचा तर घेऊ, न्हायतर आता मोटारच डोहावर नेऊ की. चारशे फूट वाचतील. आता कोन मानतंय आसरा?"

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. "मी मानतो! पाइप नवा आनायचा. चारशे फूटच. पुन्हा डोहाचं नाव काडलंस तर बग!"

काकी वाढत होत्या, त्यांनी पदर तोंडावर घेतला.

दुसऱ्या दिवशी आबांची भाकरी घेऊन मी खालच्या पाणवठ्यावर गेले. तिथून मला पुढं डोहावर जायचं होतं. आबा मोटारीच्या पत्र्याच्या खोपीत बसले होते, चांगलं भणाणत होती मोटार. मला बघून त्यांनी उठून खटका खाली ओढला. मोटार थांबली.

"तापली का?" मी विचारलं.

"बस जरा, सूनबाई."

मी बसले. आबांनी फडकं सोडलं, पण भाकरी मोडली नाही. कान वरच्या अंगाला होते. मोटार थांबल्यावर नदीचा आवाज येऊ लागला, मग पाखरांचा. आणि मग, चारशे फुटांवरून, खडकावर आदळून, काकींचं हसणं.

आबांनी माझ्याकडं बघितलं. मी भाकरीकडं बघितलं.

"मोटार चालू असली की ऐकू येत न्हाय," ते म्हणाले.

अकरा वर्षं पाव तास, रोज. दहा सऱ्या.

"आबा, तुम्हाला..."

"त्या दिशीच. हसली तवाच. लग्न झालं त्या वर्साला अशी हसायची. मग एकदा आमच्या वडलांनी खेकसलं, सून हाय का तमासगिरीण म्हनून. मी हितं बसल्यासारखाच बसलो हुतो, गुमान." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. "परत ऐकलं ते थेट डोहात. मला वाटायचं, संपलं तिचं हसणं. चारशे फुटांत मिळालं, सूनबाई. स्वस्तात सुटलो."

"काकींना ठाऊक आहे?"

"खुळी का काय तू? तिला कळलं की मला म्हाईत हाय, तर ती तिथं हसंल का? सांगायचं न्हाय. आण घे."

मी आण घेतली. आबा जरा सैलावले, खायला लागले. मला हसू यायला लागलं होतं.

"मग बाकीच्या पण ओळखल्या असतील."

"न वळकायला काय झालं? ठकी पडली. सगुणी मान वाकडी करून चालती, पान्यातबी तशीच. तारी न् मंदी हात धरून हुत्या, दोगी घरात बोलत न्हाईत. न् तू बोटं मोडून काय मोजत हुतीस गं? आसरा कवा बोटं मोजती का?" ते खो खो हसले. मग हसू थांबवून माझ्याजवळ सरकले. "तुला एक इचारायचंय. अकरा वर्सं डोक्यात हाय. घरात कुणाला इचारता येईना. सहा जणींचं झालं. सातवी कोन गं? ती मला वळकंना."

"कुठली सातवी?"

"तुमच्या मागं हुती की. खडकावर बसलेली, पाय पान्यात सोडून. केस पिळत हुती. हळद न्हवती तिला. तुमी सगळ्या त्वांड झाकून, न् तिचं त्वांड उगडं. गजरा हसली तशी तीबी हसली, माज्याकडं बगून. मानूस चांगलं वाटलं म्हनून मी टोपी काडली. मला वाटलं, ती हिरा आसंल. पर हिरा काळी, ही गोरी."

"हिरा नव्हती, आबा," मी म्हणाले. "हिराची म्हैस व्याली होती त्या दिवशी. आम्ही सहाच होतो. मी मोजल्या होत्या."

आबा माझ्याकडं बघत राहिले. मी बोटं मोजत होते हे त्यांनी स्वतःच बघितलं होतं. त्यामुळं त्यांना माझा आकडा नाकारता येईना, आणि मला त्यांचा.

वरच्या अंगाला पुन्हा हसणं झालं. आम्ही दोघांनीही कान दिले. मी ऐकत होते ते एकीचं आहे की दोघींचं. खडकामुळं नीट कळत नाही.

"आयला," आबा शेवटी म्हणाले. पण घाबरलेले दिसले नाहीत. उलट पारावर जिंकल्यासारखे दिसले. "म्हंजी मी खोटं बोललो न्हवतो की गावात!"

मग ते उठले. खोपीच्या कोपऱ्यात डब्यात ठेवलेली पैशांची थैली काढून माझ्या हातात दिली. "ही घे, उद्या बाजारात जा. एक खण आन, हिरवा. भारीतला. न् बांगड्या. तिथं ठेव धोंड्यांपाशी."

"आबा, तुमचा तर विश्वास नाही."

"इश्वास न्हायच," आबा म्हणाले. "पर ती आलीवती न्हवं कामाला."

बाजारच्या दुसऱ्या दिवशी मी खण आणि बांगड्या घेऊन डोहावर गेले. काकी दहीभात ठेवत होत्या. केस आता पांढरे झाले होते, गुडघे खरंच दुखत होते, पण पाण्यात त्या अजून माझ्या थोरलीला हरवत. मी खण धोंड्यांपुढं ठेवला तशी त्यांनी तो उचलून उलगडला, कड बोटांनी चाचपली, उन्हात धरली.

"भारी हाय गं. कुनी घेतला?"

"आबांनी."

"त्यांनी?" काकी खणाकडं बघत राहिल्या. "आसरांसाठी? कशापायी?"

"मागचं राहिलं होतं म्हणाले."

काकींनी खण पुन्हा घडी करून ठेवला, नीट, सात घड्या घातल्या. मग माझ्याकडं वळल्या. त्यांचे ओठ हलायला लागले, आणि मला कळलं आता काय होणार. त्या हसल्या. खडकानं ते उचललं आणि नदीवरून खाली नेलं.

मी खालच्या अंगाला कान दिला. साडेबाराचा पाव तास कधीच होऊन गेला होता. मोटार अजून बंदच होती.